गल्ल्याच्या आतली बाजू

दहावीची परीक्षा मार्चमध्ये आटोपली की माझ्या ऑफिसात पालकांचे फोन सुरू होतात. मी करसल्लागार आहे. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला, अंबाडी रोडच्या बाजूला दोन खोल्यांचं ऑफिस आहे. दुकानदार, वालीव-सातिवलीचे गाळेवाले, केटरर, छोटे कंत्राटदार यांचे हिशेब आणि जीएसटीचं काम आम्ही करतो. फोनवरचं बोलणं थोड्याफार फरकाने सारखंच असतं. "मॅडम, पोरगा दिवसभर मोबाइलमध्ये असतो. सुट्टीत धंद्याचा काहीतरी अनुभव मिळेल असं बघा ना. पैसे नाही दिले तरी चालेल."

यातली पहिली अपेक्षा मला मनापासून पटते. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलांनी व्यवहार जवळून बघायलाच हवा. 'पैसे नाही दिले तरी चालेल' हे मात्र मला अजिबात पटत नाही. जे काम कुणी पैसे देऊन करून घेणार नाही, त्यातून धंद्याचा अनुभव कसा मिळणार? नुसतं दुकानात बसून राहणं हा अनुभव नव्हे. एखादं छोटं का होईना, पण खरं काम अंगावर पडलं पाहिजे. ते चुकलं तर कुणाचे तरी पैसे जातील आणि नीट झालं तर कुणाचे तरी वाचतील, असं असलं पाहिजे. आणि त्याचा हिशेब त्या मुलाने स्वतःच्या हाताने लिहिला पाहिजे. इतकी वर्षं लोकांच्या वह्या तपासून माझं हेच मत झालं आहे.

वसईत हे शिक्षण पूर्वी शाळेबाहेर, घरातच होत असे. आमचं मूळ घर निर्मळच्या बाजूला, वाडीतलं. केळी होती, थोडी भाजी होती, पण घर चालायचं ते फुलांवर. मोगरा, सोनचाफा आणि जास्वंद. कळी उमलायच्या आत खुडायची, म्हणून पहाटे काळोखात विजेऱ्या घेऊन वाडीत उतरायचं. मोगरा वजनावर विकला जायचा. चाफा आणि जास्वंद शेकड्यावर. आजी टोपली बांधून पहाटेच्या गाडीने दादरच्या फूलबाजारात जायची. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली गाडी धावली ती 1867 साली. त्या रुळांनीच आमच्या वाड्या मुंबईच्या देवघरांना आणि लग्नमांडवांना जोडल्या. विरार-वसईच्या पहाटेच्या लोकलमध्ये मालडब्यातल्या फुलांचा आणि भाजीचा ओला वास आजही येतो.

आजीला लिहिता येत नव्हतं. आठवी-नववीत असताना सुट्टीत तिचा हिशेब लिहायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी ती परत आली की कनवटीची चिठ्ठी काढायची आणि मी वहीत उतरवायचे: किती शेकडे गेले, भाव काय लागला, दलाली किती कापली, हमाली किती, टोपलीत किती उरले ते कुठे टाकले. शेवटच्या रकान्यात हातात आलेली रक्कम. आठवड्याच्या शेवटी आजी समोर बसायची आणि मला विचारायची, "कुठल्या दिवशी जास्त सुटलं आणि का?"

त्या 'का'चं उत्तर शोधताना मी जे शिकले ते पुढे कॉमर्सच्या वर्गात कुणी इतकं स्वच्छ शिकवलं नाही. अंगारकीला जास्वंदीचा भाव चढतो हे सगळ्यांनाच माहीत असतं. म्हणून त्या दिवशी सगळेच माल आणतात आणि नऊ वाजेपर्यंत चढलेला भाव अकराला बसतो. मुसळधार पावसाच्या दिवशीही भाव चढतो, पण मुळात वाडीतून कळ्याच कमी निघालेल्या असतात. समजा, एरवी 12 शेकडे 40 रुपयांनी गेले तर 480 रुपये झाले. पावसात 7 शेकडे 60 रुपयांनी गेले तर 420च. भाव दीडपट होऊनही हातात कमीच. पितृपक्षात लग्नं-मुंजी नाहीत म्हणून चाफा पडून राहायचा. आणि फूल ही अशी वस्तू की दुपारी बाराला तिची किंमत शून्य. उद्यासाठी ठेवू म्हणायची सोयच नाही. उरलेली टोपली परत आणायची तर तिचंही ओझं, म्हणून आजी शेवटचा माल मिळेल त्या भावाला देऊन मोकळी व्हायची. तो भाव वहीत लिहिताना मला वाईट वाटायचं. आजीला कधीच वाटलं नाही. तिला टोपली रिकामी झाल्याशी मतलब.

मागणी, पुरवठा, नाशवंत माल, मध्यस्थाचा वाटा, वाहतुकीचा खर्च हे सगळं त्या एका वहीत होतं. आमच्या आळीतल्या बहुतेक घरांत थोड्याफार फरकाने असंच चालायचं. कुणाकडे दुधाचे रतीब, कुणाकडे आगाशीची सुकेळी, कुणाकडे विड्याची पानं, तर अर्नाळ्याच्या बाजूला मासळी. मुलांना कुणी 'अनुभव घे' म्हणून पाठवत नसे. घरात हात कमी पडायचे, म्हणून मुलं कामाला लागायची.

आता तसं राहिलेलं नाही. 2009 साली चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली, 2014 साली पालघर जिल्हा झाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून नालासोपारा-विरारला इमारतींची रांग लागली होती. इथल्या लाखो घरांमध्ये आईवडील सकाळच्या गर्दीत लोकल पकडून अंधेरी-चर्चगेटला जातात आणि रात्री परततात. त्यांचं काम मुलांना दिसतच नाही. मुलांना महिन्याच्या एक तारखेचा पगार माहीत असतो, पण पैसा कसा फिरतो ते माहीत नसतं. इमारतीखालच्या वाण्याला एका बिस्किटपुड्यामागे किती सुटतात, पिठाच्या गिरणीचं विजेचं बिल कोण भरतं, समोरच्या केक शॉपने आठवड्यात पाटी का बदलली, हे प्रश्नच मनात येत नाहीत.

खंत वाटते ती अशासाठी, की व्यवहार शिकायला वसई-विरारइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटींमध्ये हजारो छोटे गाळे आहेत. प्लास्टिक, पॅकिंग, इंजिनिअरिंगचे सुटे भाग, कपडे, इमिटेशन ज्वेलरी असं सगळं तिथे बनतं. पश्चिमेला वाड्या अजून तग धरून आहेत. मधल्या पट्ट्यात स्टेशनलगतचे बाजार, होळीचा बाजार, पापडीचा बाजार. घरापासून रिक्षाच्या अंतरावर कच्चा माल, उत्पादन, घाऊक, किरकोळ आणि बँक हे सगळे टप्पे बघायला मिळतात.

मुलांनी धंदा करायचा म्हटलं की हल्ली पालकांच्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्रातली बातमी येते. 2018 साली मुंबईच्या तिलक मेहता या तेरा वर्षांच्या मुलाने डबेवाल्यांच्या मदतीने शहरात त्याच दिवशी कागदपत्रं पोचवणारी 'पेपर्स एन पार्सल्स' ही सेवा सुरू केली. त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण ती कंपनी चालवायला त्याचे काका बँकेतली नोकरी सोडून उभे राहिले होते, हे त्याच बातम्यांमध्ये होतं आणि तेच वाचायचं राहून जातं. बहुतेक मुलांकडे असे काका नसतात. त्यांना कंपनी काढायची गरजही नाही. त्यांना कुणाच्या तरी चालत्या धंद्यातलं एखादं काम हवं.

असं काम म्हणजे काय, हे माझ्या ऑफिसातल्या एका मुलीवरून सांगते. बारावीची परीक्षा देऊन ती सुट्टीत आमच्याकडे येत होती. आम्ही तिला एका प्लास्टिक मोल्डिंगवाल्या अशिलाच्या खरेदीच्या बिलांची फाइल दिली. काम साधं: प्रत्येक बिलातली तारीख, पुरवठादाराचा जीएसटी नंबर, मूळ रक्कम आणि कर तक्त्यात भरायचा. आधी तिला नंबर वाचायला शिकवलं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. महाराष्ट्राचे आकडे 27, शेजारच्या गुजरातचे 24. माल राज्यातल्या राज्यात विकला गेला तर कर अर्धा केंद्राचा आणि अर्धा राज्याचा असा दोन ओळींत लागतो; दुसऱ्या राज्यातून आला तर एकत्रित कराची एकच ओळ असते.

दोन-तीन दिवसांनी ती एक बिल घेऊन माझ्या टेबलाशी आली. वापीहून आलेल्या प्लास्टिकच्या दाण्याचं बिल होतं. नंबर 24ने सुरू होत होता, पण कर लावला होता नऊ टक्के केंद्राचा आणि नऊ टक्के राज्याचा. "मॅडम, हा गुजरातचा आहे. मग इथे अठराची एकच ओळ हवी ना?" बिलाची एकूण रक्कम दोन्ही प्रकारे तीच येते. नऊ आणि नऊ अठराच. म्हणूनच गाळ्यावरच्या माणसाने ते पाहिलं नव्हतं; त्याने शेवटचा आकडा बघून पैसे दिले होते. पण कर चुकीच्या खात्यात गेला की तो वजा मिळताना अडकतो आणि रक्कम कमी नव्हती. मी तिलाच पुरवठादाराला फोन लावायला सांगितलं. पलीकडच्या माणसाने आधी उडवून लावलं. तिने न चिडता बिल क्रमांक, तारीख आणि नंबराचे पहिले दोन आकडे परत वाचून दाखवले. चार दिवसांनी दुरुस्त बिल आलं.

जीएसटीचे नियम पुस्तकातही मिळतात. त्या मुलीला पुस्तकाबाहेरचंही बरंच काही मिळालं. कागदावरच्या एका आकड्यामागे एका माणसाचा पैसा अडकलेला असतो, हे तिला कळलं. आपलं म्हणणं बरोबर असलं तरी समोरच्याला ते नीट सांगावं लागतं, हे कळलं. आणि तिसरी गोष्ट आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो: दुसऱ्याची बिलं बघितलीस तर त्याबद्दल मैत्रिणींमध्ये, घरी, कुठेही बोलायचं नाही. कुणाला किती सुटतात ही त्याची खाजगी बाब. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांवर असा विश्वास टाकला की ती बहुतेक वेळा तो सांभाळतात, मोठ्यांपेक्षाही काटेकोरपणे.

दुसरं उदाहरण विरारचं. माझे एक अशील वह्या-पुस्तकांचे दुकानदार आहेत. जूनच्या तोंडावर त्यांच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. त्यांना दहावी झालेला एक मुलगा मिळाला. तो नुसता वह्या काढून देत होता. मी त्यांना म्हटलं, याला एक रॅक तोडून द्या. फक्त वह्यांची रॅक: शंभर पानी, दोनशे पानी, लाँगबुक, चौकटीची, चित्रकलेची. सकाळी मोजायचं, दिवसभरात घाऊकवाल्याकडून आलेलं मिळवायचं, विकलेलं वजा करायचं, संध्याकाळी पुन्हा मोजायचं. जमा-खर्चाची याहून सोपी पायरी नाही.

आठवडाभरात दोन गोष्टी बाहेर आल्या. चौकटीच्या वहीची एक जात सुट्टीभर जागची हलली नव्हती. जवळच्या शाळांनी तो आकार बंद केला होता आणि दुकानदार सवयीने मागवत राहिले होते. बंद रॅकमध्ये पैसे निजून होते. दुसरी गोष्ट म्हणजे दोन डझन वह्यांचा मेळ लागेना. मुलगा घाबरला, आपल्या वेळी चोरी झाली की काय म्हणून. चौकशीत कळलं, एका क्लासवाल्या बाई उधारीवर घेऊन गेल्या होत्या आणि ते फक्त मालकाच्या डोक्यात होतं. त्या दिवसापासून दुकानात उधारीची वही आली. गेली कित्येक वर्षं मी त्यांना हेच सांगत होते. माझं त्यांनी ऐकलं नव्हतं, पण त्या मुलाच्या न जुळणाऱ्या बेरजेने काम केलं. म्हणून मी दुकानदारांना सांगते, मुलाला घेणं म्हणजे त्याच्यावर उपकार करणं नव्हे. नवी नजर धंद्यालाही लागते.

आता कायद्याचं. ते नीट सांगायला हवं, कारण पालक आणि दुकानदार दोघंही अर्धवट ऐकीव माहितीवर चालतात. कुणाला वाटतं अठराच्या आत कामाला ठेवणं सरसकट गुन्हा आहे, तर कुणाला वाटतं सुट्टीत सगळं चालतं. दोन्ही खरं नाही.

1986च्या बालकामगार कायद्यात 2016 साली मोठी दुरुस्ती झाली. तिच्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. मुख्य अपवाद घरच्या व्यवसायाचा: शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, शिक्षणाला बाधा न येता, धोक्याचं नसलेलं काम. घर म्हणजे आईवडील, भावंडं आणि आईवडिलांची भावंडं. त्यापलीकडचे 'घरच्यासारखे' शेजारी यात बसत नाहीत. नियम मोडून मुलाला ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा 20,000 ते 50,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. चौदा ते अठरा या वयातल्या मुलांना धोक्याची कामं बंद आहेत: खाणी, स्फोटक किंवा ज्वालाग्राही पदार्थ, घातक प्रक्रिया. बाकी ठिकाणी ती काम करू शकतात, पण वेळेची चौकट आहे. सलग तीन तासांहून जास्त नाही, मग किमान तासाभराची विश्रांती; विश्रांती धरून दिवसाचे सहा तासच; संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही; जादा वेळ नाही; आठवड्याची सुट्टी हवीच.

या चौकटीत बघितलं तर पहाटेच्या लोकलने फुलं घेऊन जाणं हे बाहेरच्या मालकासाठी कुठल्याही दहावीच्या मुलाने करायचं काम नाही. ते घरच्यांबरोबरच व्हायचं आणि तसंच होत आलं आहे. आणि वालीव-सातिवलीच्या गाळ्यांमध्ये माझा आग्रह असतो की मुलाने यंत्राच्या जवळसुद्धा जायचं नाही. प्रेस मशीनवर बोट गेलेली माणसं मी या भागात पाहिली आहेत. गाळ्यात शिकायला स्टोअर आहे, पॅकिंगची नोंद आहे, चलान आणि ई-वे बिल आहे, ऑर्डरचा पाठपुरावा आहे. तेवढं पुष्कळ झालं.

अठराच्या आत सही कुठे करायची नाही, हेही मुलांना सांगून ठेवावं. 1872च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्ती करार करायला सक्षम नाही. 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने 'मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष' या खटल्यात ठरवलं की अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य आहे. धर्मोदासने अज्ञान असताना घर गहाण ठेवून पैसे उचलले होते आणि सावकाराला ते परत मिळाले नाहीत. व्यवहारात याचा अर्थ असा, की मुलाने इन्स्टाग्रामवर राख्या किंवा केक विकायला सुरुवात केली, तर घाऊकवाला त्याला उधारी देताना दहादा विचार करील आणि जे काही कागदावर येईल ते पालकांच्या नावाने येईल. मुलाने रोखीने घ्यावं, रोखीने विकावं. पहिल्या धंद्याला ते चांगलंच.

मिळालेले पैसे मात्र मुलाच्या स्वतःच्या खात्यात जावेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे दहा वर्षांवरच्या मुलाला बँक ठरवील त्या मर्यादेत बचत खातं स्वतः चालवता येतं. आमच्या भागात तर बँकेचं पासबुक काही नवं नाही. पापडीची बसीन कॅथॉलिक सहकारी बँक 1918पासून आहे. आणि प्राप्तिकराची एक तरतूद मला फार आवडते. आईवडिलांनी मुलाच्या नावावर ठेवलेल्या ठेवीचं व्याज, थोडीशी सूट सोडली तर, पालकाच्याच उत्पन्नात धरलं जातं. पण मुलाने स्वतःच्या मेहनतीने किंवा कौशल्याने मिळवलेलं उत्पन्न त्याचं स्वतःचं मानलं जातं. सोळा वर्षांच्या मुलाची कमाई ही त्याचीच, असं देशाचा करकायदा म्हणतो. मग आपण 'पैसे नाही दिले तरी चालेल' का म्हणावं? रक्कम थोडी असू दे, पण ती आधी ठरलेली असावी आणि ठरल्या दिवशी मिळावी. कष्टाचे पैसे वेळेवर मिळणं हाही व्यवहाराचाच धडा आहे आणि तो मालकाने द्यायचा असतो.

शाळांविषयी बोलायलाच हवं. आपल्या राज्यात ही कल्पना नवी नाही. भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 'कमवा आणि शिका' ही तिची ओळख झाली. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली. कोठारी आयोगाने 1964 ते 1966 या काळात कार्यानुभवाची शिफारस केली आणि तो विषय आपल्या वेळापत्रकात आला. पण बहुतेकांच्या आठवणीत कार्यानुभव म्हणजे कागदाची फुलं आणि भरतकाम. त्याला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्याला भाव नव्हता आणि हिशेबही नव्हता.

याला ठसठशीत अपवाद आहे तो पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचा 'मूलभूत तंत्रज्ञान' हा आठवी ते दहावीचा विषय पुढे राज्याच्या परीक्षा मंडळाने मान्य केला. त्यात मुलं वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती शिकतात. पण मला त्यातली मोलाची वाटते ती पुढची पायरी: मुलं शिकलेलं काम गावासाठी करतात आणि त्याचे पैसे घेतात. गिऱ्हाईक आलं की कामाची प्रत बदलते. वाकडं झालेलं फाटक मास्तर चालवून घेतील, पण पैसे मोजणारा माणूस घेणार नाही.

मुलांना शाळेबाहेर कामाला पाठवणं जपानमध्ये ह्योगो प्रांताने सगळ्या शाळांसाठी केलं. कोबे शहर त्याच प्रांतात आहे. 1995च्या भूकंपानंतर, 1998पासून तिथली आठवीची सगळी मुलं पाच दिवस शाळेऐवजी गावातल्या दुकानांत, बेकऱ्यांत, ग्रंथालयांत, शेतांवर कामाला जातात. हुशार, ढ, श्रीमंत, गरीब, सगळीच. आपल्याकडे 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे, व्यावसायिकांकडे शिकायची तरतूद आहे. वसई-विरारच्या एखाद्या शाळेने ती मनावर घेतली तर जागा शोधायला लांब जावं लागणार नाही.

अकरावी-बारावी कॉमर्सची स्थिती मला जास्त बोचते. मुलं पुस्तपालनात भागीदारीची खाती सोडवतात, विनिमयपत्राच्या नोंदी पाठ करतात, पण त्यांनी चलान पाहिलेलं नसतं. 'वाणिज्य संघटन' या विषयात त्यांना किरकोळ आणि घाऊक व्यापाराची वैशिष्ट्यं लिहायची असतात आणि कॉलेजच्या फाटकाबाहेर दोन्ही प्रकारचे व्यापारी बसलेले असतात. शिक्षकांनी लेटरहेडवर चार ओळींचं पत्र दिलं, की 'हा आमचा विद्यार्थी आहे, याला आठवड्यातून दोन दुपारी आपल्याकडे हिशेबाचं काम शिकू द्यावं', तर निम्मे दुकानदार हो म्हणतील. अशी पत्रं घेऊन आलेल्या मुलांना मी कधी नाही म्हटलेलं नाही.

आणि पत्र नसेल तर मुलाने स्वतः जावं. आईवडिलांनी फोन करण्यापेक्षा मुलगा किंवा मुलगी दुकानात येऊन उभी राहिली तर मला जास्त आवडतं. दुपारी तीन-चारच्या सुमारास जावं, तेव्हा गिऱ्हाइकी कमी असते. आपण कितवीत आहोत, किती आठवडे येऊ शकतो, कोणत्या वेळेला, काय येतं हे सांगावं. एक्सेल येत असेल तर सांगावं. मराठीत टाइप करता येत असेल तर नक्की सांगावं, त्याला आमच्याकडे फार मागणी आहे. मुलींच्या बाबतीत पालकांनी जागा आधी बघून यावी, दुकानात अजून कोण असतं ते विचारावं आणि अंधार पडायच्या आत घरी यायची वेळ ठरवावी. मुलाला चहा आणायला सांगितलं तर त्याने आणावा, त्यात कमीपणा नाही. पण पंधरा दिवसांनीही फक्त चहाच आणत असेल तर त्याने ती जागा सोडावी.

सर्टिफिकेटच्या मागे लागू नये. त्यापेक्षा एक वही ठेवावी. आज काय केलं, कोणता आकडा जुळला नाही, कोणत्या गिऱ्हाइकाने माल परत आणला आणि का. पुढे कॉलेजच्या मुलाखतीत, नोकरीत, स्वतःच्या धंद्यात बोलताना ती वही उपयोगी पडते. ज्यांना कुठेच जागा मिळत नाही त्यांनी शाळेच्या आनंदमेळ्यातल्या स्टॉलपासून सुरुवात करावी. भेळेचा स्टॉल लावताना चुरमुरे, शेव, चिंच, गॅस, कागदी द्रोण यांचा खर्च आधी लिहावा. आईने घरून दिलेला कांदाही बाजारभावाने खर्चात धरावा. तो धरला की बऱ्याच स्टॉलांचा नफा निम्म्यावर येतो, आणि तो खरा नफा असतो.

कुठे केव्हा माणसं लागतात हेही ठाऊक असावं. वह्या-पुस्तकांच्या दुकानांची गर्दी मेच्या अखेरीपासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत असते. त्यांना एप्रिलमध्ये विचारावं, मेमध्ये त्यांना मान वर करायला वेळ नसतो. श्रावणात राख्या, मग गणपतीचं सजावटीचं सामान, दिवाळीला फराळवाले आणि पणत्यांचे घाऊकवाले. वसईत डिसेंबरमध्ये नाताळ मोठा असतो. बेकऱ्या, केकवाले, तारे-कंदील विकणारे यांना शाळांच्या सुट्टीतच हात हवे असतात. आमच्यासारख्या हिशेबाच्या ऑफिसांना एप्रिल चांगला. आर्थिक वर्ष संपलेलं असतं, जुन्या फायली लावायच्या असतात आणि विवरणपत्रांची घाई अजून सुरू झालेली नसते. त्या महिन्यात आमच्याकडे एक टेबल रिकामं ठेवलेलं असतं. आधार कार्डाची प्रत आणि पालकांची सही असलेला अर्ज आणावा. वहीही आणावी.